चोरबीटी, लग्नपत्रिका आणि ओपन सोर्स

तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या हिवरखेडात सॉफ्टवेअर विकत घेणारा माणूस शोधायचा तर बसस्टँडपासून सुरुवात करून गाव पालथं घालावं लागेल, आणि तरी तो सापडेलच असं नाही. माझं इथं कंपोझिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, शाळांचे घटक चाचणीचे पेपर, दानापूर-सौंदळ्याकडून येणाऱ्या माणसांचे अर्ज, वास्तुपूजनाची निमंत्रणं, हा माझा माल. या धंद्यात कॉम्प्युटर बसवणारा पोरगा विंडोज टाकतानाच पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि पाचपन्नास मराठी फॉन्ट सोबत टाकून देतो. "ताई, सगळं टाकून देलं, आता काई पायू नका," म्हणतो आणि मजुरी घेऊन जातो. बिल नाही, परवाना नाही, विचारणारंही कुणी नाही.

आमच्याकडे अशा मालाला नाव आहे. चोरबीटी. तणनाशक मारलं तरी तगून राहणारं कपाशीचं बियाणं, ज्याला सरकारी मंजुरी नाही आणि जे तरीही दरवर्षी शिवारात उगवतं. २०१९ च्या जूनमध्ये शेजारच्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून कायदेभंग केला होता. त्या वादात कोण बरोबर, हा माझा विषय नाही. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय: चोरबीटीचं पाकीट घेणाऱ्याला पावती मिळत नाही, म्हणून उगवलं नाही तर तक्रार घेऊन जायला दार नसतं. पाकिटात नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही आणि विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. आमच्या धंद्यातल्या कॉम्प्युटरांवर वर्षानुवर्षं नेमकं हेच पीक उभं आहे.

त्यामुळे 'ओपन सोर्स वापरा, ते फुकट असतं' हा प्रचार शहरात कितीही चालो, हिवरखेडात चालत नाही. इथं सगळंच फुकट आहे. दुकानदाराला तुम्ही सांगता की हे लिब्रेऑफिस घ्या, पैसे लागत नाहीत, तर तो म्हणतो, "मंग मायाजवळ वर्ड हाय ना, त्याले कोठी पैसे लागले?" याला उत्तर नाही. ओपन सोर्सची इथली खरी स्पर्धा विकतच्या सॉफ्टवेअरशी नाही, चोरून घेतलेल्याशी आहे. म्हणून फुकटपणाचा मुद्दा आधीच बाजूला ठेवते. तो ठेवल्यावर हातात काय उरतं, ते सांगण्यासारखं आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कुठलाही प्रोग्राम कुणीतरी माणसानं वाचता येईल अशा ओळींमध्ये लिहिलेला असतो. त्या ओळी म्हणजे सोर्स कोड. मग तो यंत्राला समजेल अशा आकड्यांमध्ये बदलला जातो आणि आपल्याकडे सहसा तेवढे आकडेच येतात. ते चालवता येतात, वाचता येत नाहीत. ओपन सोर्समध्ये मूळ ओळीही सोबत मिळतात, आणि एक परवाना मिळतो: हे कशासाठीही वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, हवं तर पैसे घेऊन विका. परवान्यांमध्ये पोटजाती आहेत. जीपीएल नावाचा परवाना म्हणतो, बदल करून पुढे दिलंत तर तुमचे बदलही याच अटींवर उघडे ठेवा. एमआयटीसारखे परवाने इतके हट्टी नाहीत, ते फक्त मूळ लेखकाचं नाव राहू द्या म्हणतात. वकिलांना यात पुष्कळ काम आहे, आपल्याला एवढं पुरे.

या चळवळीच्या मुळाशी एक अडकलेला कागद आहे, ही गोष्ट झेरॉक्सवाल्यांना तरी माहीत हवी. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीनं एक लेझर प्रिंटर भेट दिला. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या. कागद अडकला की कळायचं नाही, लोक तिकडे जाऊन पाहायचे तर काम तसंच पडलेलं. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरनं आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम बदलून ठेवला होता: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरसाठीही त्याला तेच करायचं होतं, पण या वेळी सोर्स कोड आला नव्हता. ज्या संशोधकाकडे तो होता त्यानं द्यायला नकार दिला, कारण तसं त्यानं कंपनीला लिहून दिलं होतं. स्टॉलमन चिडला आणि त्याचा तो राग आजवर उतरलेला नाही. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यानं ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला, सगळं सॉफ्टवेअर मुक्त लिहायचं म्हणून. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला, दोन्ही जोडले गेले. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ चं. कंपन्यांना 'मुक्त' या शब्दाची भीती वाटू नये म्हणून शोधलेलं.

आपल्या गावात हे आधीच पोचलेलं आहे, फक्त कुणी तसं म्हणत नाही. माझ्या काउंटरवर टेकून पत्रिकेचं मॅटर वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड पोरं ज्या दीक्षा अॅपवर उघडतात, ते सनबर्ड या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभं आहे. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे पासून अशाच उघड्या प्रोग्रामवर चालतो. म्हणजे 'आम्हाला ते जमणार नाही' हे म्हणायची वेळ निघून गेली आहे.

माझ्या धंद्याचा जीव मात्र अक्षरात. त्यावर बोलू.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये एक लबाडी असायची. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट बदलला की गजाननाच्या जागी गिचमिड. काही फॉन्टसोबत मशीनच्या मागे लावायचं एक कुलूप यायचं. ते हरवलं किंवा बिघडलं, की स्वतः टाइप केलेला मजकूर स्वतःलाच परका. आमच्या ओळखीतल्या एका कंपोझिटरच्या जुन्या पत्रिकांच्या आख्ख्या कपाटभर सीड्या अशा मुक्या झाल्या. त्यातल्या पत्रिकेतली माणसं आता आपल्या पोरांच्या पत्रिका छापायला येतात आणि "जुन्या कार्डासारखंच काढा" म्हणतात.

युनिकोडनं ही लबाडी संपवली. क म्हणजे सगळीकडे क. पण युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक फक्त, आकार काढायला चांगला फॉन्ट लागतोच, आणि सुरुवातीला चांगले उघडे फॉन्ट कुठं होते? र. कृ. जोशी हे सुलेखनकार आणि अक्षररचनाकार. त्यांच्या हातचा 'मंगल' विंडोजसोबत आला आणि सरकारी कागदांवर पसरला. तो मायक्रोसॉफ्टचा, त्यात हात घालायची सोय नाही. त्याच जोशींनी मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत केलेला 'रघू' हा फॉन्ट जीपीएलखाली खुला झाला. एकाच हातानं काढलेली अक्षरं, एक बंद दारामागे, एक ओसरीवर. पुढे पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लोकांनी 'लोहित' फॉन्टचं कुटुंब सांभाळलं. राज्य मराठी विकास संस्थेनं 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' खुले केले. मग मुंबईच्या एक टाइपनं 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' असे फॉन्ट काढले. हे आज कुणीही उतरवून घेऊ शकतो, पत्रिकेवर छापू शकतो, पुस्तकात वापरू शकतो. परवान्याची चिठ्ठी सोबतच असते.

यशोमुद्राचं पुढे जे झालं, ते मला ओपन सोर्सचं सगळ्यात चांगलं मराठी उदाहरण वाटतं. आयआयटी मुंबईतल्या लोकांना संस्कृत हस्तलिखितं छापायची होती. तिथली जोडाक्षरं म्हणजे चार-चार मजली. त्यांनी नवा फॉन्ट कोऱ्या कागदावर सुरू केला नाही. यशोमुद्राची देवनागरी घेतली, रशियन रचनाकारांच्या पीटी सेरिफ या खुल्या फॉन्टमधली रोमन अक्षरं घेतली, स्वतःची भर घातली आणि 'शोभिका' तयार करून पुन्हा खुला ठेवला. कुणाचीही परवानगी मागायला मंत्रालयात खेटे घालावे लागले नाहीत, परवानगी फॉन्टमध्येच लिहिलेली होती. सरकारी पैशानं झालेली वस्तू लोकांना अशी उपयोगी पडलेली फार वेळा दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता 'वऱ्हाड' हा शब्द टाइप करून बघा. आमच्या पत्रिकेत 'वऱ्हाडी मंडळी' असतातच, टाळून चालत नाही. यातला ह ला चिकटलेला आडवा र, पापणीसारखा, तो मराठीला लागतोच. हिंदीला त्याची गरज नाही. म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कित्येक फॉन्टांत इथं रफार तरी उडतो, नाहीतर र चा पाय मोडून बाजूला पडतो. आमच्या आख्ख्या प्रांताचं नाव चुकीचं छापलं जातं! हा आकार नीट बसवण्याचं काम फॉन्टइतकंच त्यामागच्या आणखी एका प्रोग्रामचं असतं. कुठलं अक्षर कुणाच्या अंगावर चढायचं, वेलांटी मागून पुढे कशी आणायची, हे तो ठरवतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तो एकच आहे. त्याचं नाव हार्फबझ, आणि तो घडवणारा मुख्य माणूस बेहदाद एस्फहबोद हा इराणी. गावातल्या कुणाच्याही अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपचा मराठी निरोप सरळ दिसतो, त्यात या माणसाचा हात आहे, आणि त्यानं आपल्याला बिल पाठवलेलं नाही.

स्क्रायबसचंही तसंच. पेजमेकरच्या जागी वापरता येईल असा हा पान लावायचा प्रोग्राम, २००१ च्या सुमारास फ्रान्झ श्मिड यांनी सुरू केलेला. बरीच वर्षं त्यात मराठी जोडाक्षरं तुटत होती, म्हणून आपल्याकडच्या कंपोझिटरला तो निरुपयोगी. मग ओमानमधल्या एका गटाला अरबी हवी होती. त्यांनी मजकूर मांडणारं इंजिनच नव्यानं बसवलं. ते २०१७ मध्ये १.५.३ या आवृत्तीत आलं आणि अरबीसोबत देवनागरीही उभी राहिली. ओमानच्या लोकांनी अरबीसाठी दंड काढले, फायदा हिवरखेडच्या पत्रिकेचा झाला. बंद सॉफ्टवेअरमध्ये असं होत नाही. तिथं आपली भाषा कधी येणार हे बाजार किती मोठा यावर ठरतं, आणि मराठी पत्रिका छापणाऱ्यांचा बाजार कंपनीच्या नजरेत भरण्याइतका कधीच नव्हता.

जुन्या फायलींबद्दल बोलायचं राहिलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ ची. अडोबी कंपनीनं तो पुढे सोडून दिला, आणि २०१३ पासून तर त्यांचा बहुतेक नवा माल भाड्यावरच मिळतो. मग वीस वर्षांत केलेल्या फायलींचं काय? इथं मला लिब्रेऑफिसचा सुखद धक्का बसला. त्याचा ड्रॉ हा भाग पेजमेकरच्या आणि कोरलड्रॉच्याही फायली उघडतो. कंपनीनं आतली मांडणी सांगितलेली नसताना काही लोकांनी ती उकलून काढली, केवळ जुनी कागदपत्रं कुलपात मरू नयेत म्हणून. सगळं जागच्या जागी येत नाही. चौकटी सरकतात, किनार नाहीशी होते, जुन्या फॉन्टचा मजकूर वेगळा युनिकोडमध्ये बदलावा लागतो. पण नावं हाती लागतात, तारखा हाती लागतात. मेलेल्या फाइलीतून एवढं निघालं तरी गिऱ्हाईक खूश.

लिब्रेऑफिसची स्वतःची कहाणीही बघण्यासारखी. मूळ जर्मनीतलं स्टारऑफिस, १९९९ मध्ये सन कंपनीनं घेतलं, पुढच्या वर्षी खुलं केलं, ते ओपनऑफिस. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली. आता हे लोक काय करतील या काळजीनं काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच वर्षी २८ सप्टेंबरला सगळा कोड उचलून वेगळी चूल मांडली आणि नाव ठेवलं लिब्रेऑफिस. मालक बदलला म्हणून वापरणाऱ्याला बेघर व्हावं लागलं नाही. परवान्याचा अर्थ मला या प्रसंगातून जितका कळला, तितका परवाना वाचून कळला नव्हता.

एवढं ऐकून कुणी उद्याच सगळं पुसून लिनक्स टाकायला निघालं तर त्याला थांबवणंही माझंच काम. कारण दुखणी आहेत, आणि ती प्रचारपत्रकात लिहिलेली नसतात.

पहिलं दुखणं सोबतीचं. पत्रिका माझ्या दुकानात तयार होते, पण बॅनर अकोल्याला छापून येतो आणि मोठी ऑर्डर ऑफसेटवर जाते. तिकडून कोरलड्रॉच्या फाइलसाठी फोन येतो, "ताई, सीडीआर पाठवा, कर्व्ह करून." कोरलड्रॉच्या जागच्या इंकस्केपमध्ये केलेली फाइल म्हटली की पलीकडे शांतता. ऑफसेटला रंग चार शाईंच्या हिशेबात लागतात: निळा, गुलाबी, पिवळा, काळा. इंकस्केप मुळात पडद्याच्या तीन रंगांत विचार करतो. पडद्यावरचं भडक कुंकू छापून येतं तेव्हा विटकरी होतं, आणि पत्रिकेवरचं कुंकू विटकरी झालेलं वरमाय खपवून घेत नाही. गिंप हा फोटोशॉपच्या जागचा प्रोग्राम. चार शाईंची त्याची बाजू सुधारली ती २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत. त्याआधीची मोठी आवृत्ती २.० आली होती २००४ मध्ये. इतकी वर्षं छपाईवाल्यांना वाट बघायला लावणारा प्रोग्राम फुकट असला तरी महागच. स्क्रायबसला चार शाई पहिल्यापासून कळतात, छापखान्याला चालेल असा पीडीएफही तो नीट काढतो, पण त्याच्यात फुलाफुलांची वेलबुट्टी काढत बसणं जिवावर येतं. म्हणून मी इंकस्केप आणि स्क्रायबस दोन्ही वापरते. चित्र एकात, पान दुसऱ्यात. कोरलवाला तेच एका खिडकीत करतो आणि माझ्याआधी चहा पितो.

दुसरं, फोन कुणाला करायचा? विकतच्या सॉफ्टवेअरला निदान विक्रेता असतो, चोरीच्या मालाला तो पोरगा असतो. अकोटहून मोटरसायकलवर येतो, शिव्या खातो, करून देतो. लिनक्स येणारा पोरगा आमच्या पंचक्रोशीत नाही. इंटरनेटवर विचारलं तर उत्तर मिळतं, बहुतेक वेळा चांगलंच मिळतं, पण इंग्रजीत, आणि देणाऱ्याच्या सवडीनं. त्याचा तरी काय दोष, तो पोटासाठी दुसरीकडे नोकरी करतो. पण लग्न गुरुवारी आहे आणि सोयऱ्यांना पत्रिका वाटायच्यात हे त्याला कसं सांगणार? मोठ्या कंपन्या यावर उपाय म्हणून पैसे मोजून आधार विकत घेतात, रेड हॅटचा सगळा व्यवसायच त्यावर उभा राहिला. झेरॉक्सच्या दुकानाला तसा आधार विकणारं कुणी नाही. कुणी पोरानं अकोट-तेल्हाऱ्यात हा धंदा काढला तर पहिलं गिऱ्हाईक मी.

तिसरं, यंत्रांचं. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरनं लिनक्सवर काही केल्या कागद ओढला नाही. नंतर घेतलेल्यानं काही न विचारता ओढला. म्हणजे प्रिंटर घ्यायच्या आधी चौकशी करावी लागते, आणि आपण तर सेकंडहँड मिळेल तो आणणारे. अंगठ्याच्या यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर विंडोजचंच होतं. अर्ज, दाखले, आधारची कामं करणाऱ्यानं एक मशीन विंडोजवर ठेवावं, उगाच तत्त्वासाठी गिऱ्हाईक परत पाठवू नये.

चौथं दुखणं आमच्या गावापुरतं नाही, आणि ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. 'सगळ्यांना दिसतं म्हणून सुरक्षित' हे वाक्य नेहमी ऐकवलं जातं. दिसतं हे खरं, पण कुणी बघतं का? एक्सझेड नावाचा फायली आवळून लहान करणारा एक छोटा प्रोग्राम आहे, जगभरातल्या लिनक्स सर्व्हरांवर असतो. तो वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा माणूस सांभाळत होता, थकलेला, आजारी. जिया टॅन या नावानं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपलं लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. तो उशीर कशामुळे, याच्या मागे लागून त्यानं ती चोरी उघडी पाडली. कोड खुला होता म्हणून त्याला तळापर्यंत जाता आलं, हे मान्य. पण खुला होता म्हणूनच त्या अनोळखी माणसाला आत येता आलं, हेही तितकंच खरं. आणि मूळ गोष्ट ही, की ज्या वस्तूवर जगाच्या बँका टेकलेल्या, तिच्या सांभाळणाऱ्याला कुणी पगार देत नव्हतं. चोरबीटीच्या पाकिटात काय आहे हे कळत नाही, इथं कळू शकतं, पण त्यासाठी बघणारा पोसावा लागतो.

मराठीचीही नड हीच आहे. केरळात स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग नावाचा स्वयंसेवकांचा गट २००२ पासून चिवटपणे टिकून आहे, आणि तिथल्या सरकारी शाळांमध्ये पोरं लिनक्सवरच शिकतात. आपल्याकडे चांगली माणसं होती, आहेत, पण ती सुटी सुटी. एखादा शुद्धलेखन तपासणीचं काम उचलतो, एखादा मेनूचं मराठी करतो, नोकरी बदलली की ते काम तिथंच थांबतं. केंद्र सरकारचं ओपन सोर्सचं धोरण २०१५ पासून आहे, कार्यालयांनी खरेदीत खुल्या पर्यायाला प्राधान्य द्यावं असं त्यात लिहिलंय. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये उबुंटू या लिनक्सवर बेतलेली माया ही प्रणाली आणली. आमच्याकडे मात्र तालुक्याहून येणारा तक्ता अजून अशा एक्सेलमध्ये येतो की तो दुसरीकडे उघडला तर रकाने एकमेकांच्या उरावर बसतात. पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे एका कंपनीची बटणं पाठ करून घ्यायची, हा समज जोवर आहे तोवर धोरणाचा कागद कागदच.

सध्या हा विषय निघायला एक ताजं कारण झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ जुन्या मशीनवर सरळ बसत नाही. आमच्या बाजारात जे कॉम्प्युटर आहेत, ते अमरावती-अकोल्याच्या ऑफिसांतून उतरलेले, दहा-दहा वर्षांचे. त्यांचं काय करायचं असं लोक विचारतात. मी सांगते ते असं: घाई करून लिनक्सवर उडी मारू नका. आधी आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस टाका, मुक्ता-बालू टाका, पत्रिकेचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायची सवय लावा. ही कामं आजच्या आज होतात आणि काही बिघडत नाही. ते अंगवळणी पडलं की एका जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघा. टायपिंग, पीडीएफ, बिलं, पोरांचा अभ्यास, इंटरनेट, एवढ्याला ते मशीन मजेत चालतं आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येणारा व्हायरसचा तापही चुकतो. बॅनर आणि मोठ्या रंगीत कामासाठी कोरल लागतच असेल तर विकत घ्या. धंद्याला लागतं ते घ्यावं, त्यात कसला कमीपणा.

आणि एक काम असं आहे जे कुणालाही जमेल, प्रोग्रामिंगची गरज नाही. लिब्रेऑफिसमध्ये मराठी शब्दांखाली लाल रेघ येते ना, ती कुठं ओढायची हे ठरवणारा प्रोग्राम हन्स्पेल, हंगेरीच्या लोकांनी आपल्या अवघड भाषेसाठी केलेला. त्याचा मराठी कोश म्हणजे साधी मजकुराची फाइल आहे, एका ओळीवर एक शब्द. नोटपॅडमध्ये उघडते. माझ्या मशीनवर बेलखेड, सौंदळा, अडगाव यांच्याखाली रेघ यायची, तेरवीखाली यायची, कितीतरी आडनावांखाली यायची. मी ते शब्द एकेक करून घालत गेले. आता पत्रिकेत लाल रेघ आली तर समजायचं की चूक माझीच आहे. ही यादी सांभाळणाऱ्यांकडे पाठवायची ठरवली आहे. त्याआधी तेल्हारा आणि अकोट तालुक्यांतली सगळी गावं त्यात यावीत म्हणून मतदार यादी घेऊन बसले आहे. कुणाकडे संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूची गावं नीट लिहिलेली असतील तर घेऊन या, चहा माझ्याकडून.